डबीच्या तळाचे दोन ठिपके

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. घरात कोणी क्रीमची डबी उघडली, तो गोडसर वास आला, की सगळं समोर उभं राहतं. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खूनही पाहिले. पण निवृत्तीनंतर कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की तोंडात पहिली हीच येते. ऐकणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. चेहऱ्याला लावायच्या क्रीमची कसली केस? मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

आधी स्वतःविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांचा तपासाशी संबंध आहे. माझी आई जोगेश्वरीच्या बाजारात भाजी विकायची. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. कोणाच्या शब्दाने वर चढलो नाही. माझा राग आणि माझी घासाघीस या दोन्ही गोष्टी खात्यात प्रसिद्ध होत्या. रागाने माझं नुकसान केलं, घासाघिशीने फायदा. या केसमध्ये दोन्ही झालं.

तेव्हा मी पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथक सांभाळत होतो. निवृत्तीला तीन वर्षं होती. सोमवारी सकाळी हजेरी आटोपून बीटवाटप चाललं होतं, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका बाईंना माझ्या टेबलाकडे पाठवलं. मुलुंडच्या एका शाळेत शिकवत होत्या. ओढणी डोळ्यांखालपर्यंत गुंडाळलेली.

"साहेब, हसणार नसाल तर सांगते."

"इथे हसायला कोणाला वेळ आहे? बसा. बोला."

त्यांनी ओढणी सोडली. दोन्ही गाल लालभडक, जागोजागी साल निघालेली. हनुवटीवर पुरळ. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"वर्गात पोरं विचारतात, मॅडम, भाजलं का. दोन महिने एक क्रीम लावत होते. पहिल्या आठवड्यात चेहरा असा उजळला की स्टाफरूममध्ये सगळ्या नाव विचारत होत्या. मग गावी गेले, डबी इथेच राहिली. चार दिवसांत हे असं. डॉक्टर म्हणाले, क्रीममध्ये औषध मिसळलेलं दिसतंय. कडक औषध. सोडलं की चेहरा पेटतो."

"रस्त्यावरून घेतली होती?"

त्या एकदम ताठ बसल्या. "रस्त्यावरचं मी कधी घेत नाही. मुद्दाम महागातलं घेतलं, साहेब. साडेअठराशेची डबी आहे. चेहऱ्याला काही होऊ नये म्हणूनच महागातलं घेतलं."

त्यांनी पर्समधून खोक्यासकट डबी काढून टेबलावर ठेवली. पांढरी, जाड भिंतीची, सोनेरी झाकणाची. मी हातात घेऊन पाहिली. खोक्यावर लिहिलेलं होतं, पन्नास ग्रॅम. माझ्या घरी बायको लावायची ती क्रीम पंच्याण्णव रुपयांची, तीही पन्नास ग्रॅम. भाजीवालीच्या मुलाचं डोकं आपोआप गणित करतं. मी मनात म्हटलं, हिच्यात असं काय आहे, जे माझ्या बायकोच्या डबीत नाही?

डबी ओळखीच्या पार्लरमधून घेतलेली होती. चार वर्षांची ओळख, म्हणून सतराशेला मिळाली होती. जबाब नोंदवला. दुपारी कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "हा आमचा माल नाही." माझ्या पथकातला सब-इन्स्पेक्टर तरुण आणि हुशार होता. डबीच्या तळावर बॅच नंबरचा स्टिकर होता, त्याची कड त्याने नखाने उचलली. खाली छापलेला दुसराच बॅच नंबर निघाला. आणि त्याच्या बाजूला दोन ठिपके, नेलपॉलिशचे, मरून रंगाचे.

"सर, हे कोणीतरी हाताने लावलेत."

पार्लर एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतीवर गणपती. मालकीण चाळिशीची, मूळची मालवणकडची. वडील गिरणी कामगार. घरोघरी जाऊन भुवया कोरण्यापासून सुरुवात करून तिने हा भाड्याचा गाळा उभा केला होता आणि दोन मुली कामाला ठेवल्या होत्या. लग्नसराईचे दिवस होते, वही नोंदणीने भरलेली होती. आमच्या महिला हवालदार बाई सोबत होत्या. मी डबी उलटी करून मालकिणीसमोर धरली.

"हे काय आहे?"

तिने वाकून पाहिलं. "ठिपके."

"कोणाचे?"

"माझेच. वापरातल्या डबीला मी दोन ठिपके देते, साहेब. नाहीतर या पोरी विकायच्या डब्या फोडतात."

"म्हणजे वापरातली डबी परत भरून विकलीत."

"नाही ओ! विकायची वेगळी, वापरायची वेगळी. पण मग हे..." ती थांबली. डबीकडे बघतच राहिली. "हे ठिपके हिच्यावर कसे?"

तिथे माझा राग सुटला. कबूल करून वर मलाच विचारते, असं वाटलं. शिक्षिकेचे गाल डोळ्यांसमोर होते. दोन्ही मुली ऐकत होत्या, खुर्चीत एक गिऱ्हाईक ओल्या केसांनी बसलं होतं. मी ओरडलो, "लोकांचे चेहरे जाळून पैसे कमावता? चोर आहात तुम्ही!"

ती भिंतीला टेकली. मग तिचा आवाज बदलला. इतका वेळ आमच्यासारखं बोलत होती, ती गावच्या बोलीवर आली. "साहेब, चार वर्सां मी हयसर उभी आसंय. माका चोर म्हणतास? मी कित्याक करतलंय असला?"

"ते ठाण्यात येऊन सांगा."

विक्रीच्या कपाटातल्या सहा सीलबंद डब्या पंचनामा करून ताब्यात घेतल्या. तिला हजर राहण्याची नोटीस काढली. संध्याकाळी कळलं, गाळ्याच्या मालकाने तिला महिनाअखेरीस जागा सोडायला सांगितलंय. पोलीस आले त्या दुकानात कोण येणार? दोन मुलींपैकी एकीची आई येऊन मुलीला घेऊन गेली होती.

आमचे वरिष्ठ घाईत होते. शिक्षिकेच्या चेहऱ्याचा फोटो पालकांच्या मोबाईल ग्रुपवर फिरला होता. "ठिपके तिचे, ती कबूल करते. आणखी काय पाहिजे? बुधवारी संध्याकाळपर्यंत अटक दाखवा," वरिष्ठ म्हणाले.

मंगळवारी सकाळी औषध निरीक्षक बाई नमुने घ्यायला आल्या. पन्नाशीच्या, हातात छोटा तराजू, नाकावर चष्मा. कंपनीने दिलेली अस्सल डबी आणि आमच्या जप्तीतली डबी, दोन्हींतली क्रीम त्यांनी रिकाम्या भांड्यात काढून तोलली. अस्सल डबीत पन्नास ग्रॅम. आमच्या डबीत अठ्ठावन्न.

"चोर, आणि वर आठ ग्रॅम जास्त?" मी म्हटलं.

"मलाही नवल वाटतंय. अस्सल डबीत सीलखाली बोटभर जागा रिकामी असते. डबीची भिंत दुहेरी आणि तळ उंच, म्हणून बाहेरून मोठी दिसते. तुमच्या माणसाने काठोकाठ भरलंय."

मग मी तो प्रश्न विचारला. "मॅडम, खरं सांगा. अस्सल साडेअठराशेच्या डबीत आणि पंच्याण्णवच्या डबीत फरक काय?"

त्या हसल्या. मी खाली टपरीशेजारच्या दुकानातून पंच्याण्णववाली मागवली. निरीक्षक बाईंनी आमच्या हवालदार बाईंना डोळे मिटायला सांगून एका मनगटावर ही, दुसऱ्यावर ती अस्सल क्रीम लावली. अख्खं पोलीस ठाणं जमलं. लॉकअपचा पहारेकरीसुद्धा मान लांब करून बघत होता.

"महाग कुठली?"

हवालदार बाईंनी दोन्ही मनगटं हुंगली, घासली. "उजवी. मऊ लागतेय."

उजव्या हातावर पंच्याण्णवची होती. एकच हशा झाला.

"हसू नका," निरीक्षक बाई म्हणाल्या. "दोन्हीत मुख्य माल पाणी, थोडं तेल, ग्लिसरीन, पाणी-तेल एकत्र राहावं म्हणून एक पदार्थ आणि खराब होऊ नये म्हणून एक. महाग क्रीममध्ये एखादा खरोखर महाग घटक असतो, चिमूटभर. कधी तो उपयोगी असतो, कधी नुसता खोक्यावर लिहिण्यापुरता. क्रीम चिकट लागू नये, दोन वर्षं फुटू नये, यावरही खर्च होतो. मग ही डबी, हा खोका, मॉलमधलं काउंटर, तिथे उभी असलेली मुलगी, जाहिरात."

"डबी महाग की आतली क्रीम?"

"कंपनीगणिक वेगळं. पण डबीच महाग पडली, असंही मी पाहिलंय."

कंपनीचा टायवाला तिथेच होता. मी त्याला विचारलं, "तुम्हाला ही बनवायला किती पडते?"

"ते गोपनीय असतं, सर."

"बरं, दुकानदाराला कितीला देता?"

"तेराशेच्या खाली कोणालाच नाही."

तो आकडा मी वहीत लिहून ठेवला. तेव्हा तो फक्त सवयीने लिहिला होता.

दुपारी जेवणाचा डबा खाताना हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"बोला."

"सकाळी नोटीस द्यायला तिच्या घरी गेले होते. ती रडत होती आणि मोरीत डबी धूत होती."

"पुरावा नष्ट करत होती?"

"नाही ओ. माझ्यासमोरच. मी विचारलं, आत्ता कसली डबी धुतेस? म्हणाली, हात गप्प बसत नाहीत. रिकामी डबी गरम पाण्याने धुऊन झाकण आणि खोक्यासकट ठेवली, की रद्दीवाला तीस रुपये देतो. अशी धुतलेली रांगच होती खिडकीत. आमच्याकडे बायका बाटल्या धुऊनच देतात, साहेब, घाण देत नाहीत. तुम्ही काल एवढे ओरडलात, की तिला हे सांगायला जागाच राहिली नाही."

माझा घास हातात राहिला. प्लास्टिकचं भंगार किलोवर जातं. अशा मूठभर रिकाम्या डब्या मिळून तीस रुपये होणार नाहीत. रद्दीवाल्याची जात माझ्यापेक्षा चिवट. मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडलोय, एक रुपया सुटत नाही. तो एका रिकाम्या डबीला तीस रुपये देतो, म्हणजे त्याला पुढे कोणीतरी पन्नास देतं. आणि रिकाम्या डबीला पन्नास देणारा ती रिकामी ठेवणार नाही.

जी गोष्ट मला सोमवारी एका प्रश्नात कळली असती, ती माझ्या ओरडण्याने एक दिवस लपून राहिली.

रद्दीवाल्याने फार वेळ घेतला नाही. "साहेब, मी तर भंगार विकतो. स्कूटरवाला येतो, फक्त महागड्या डब्या घेतो, खोका असेल तर डबल." स्कूटरवाला कोण, तर घाटकोपरच्या एका मार्केटमध्ये पार्लरचा माल पुरवणारा सप्लायर. त्याच सप्लायरकडून पार्लरवाली बाई बिलाशिवाय सीलबंद डब्या विकत घ्यायची, कारण तो कंपनीपेक्षा दीडशे रुपये स्वस्त द्यायचा. तिचीच डबी तिच्याकडून तीस रुपयांना जायची आणि साडेअकराशेला तिच्याकडेच परत यायची. स्टिकरखाली तिचेच ठिपके घेऊन. पण हे झालं माझं म्हणणं. कोर्टात ते उभं करायला माल सापडायला हवा, आणि हातात एकच दिवस होता. मी स्टेशन डायरीत नोंद केली, की महिलेची अटक तूर्त आवश्यक वाटत नाही, आणि कारणं लिहिली. ती नोंद मला पुढे महागात पडली.

बुधवारी सकाळी मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन सप्लायरच्या गाळ्यावर गेलो. हवालदार बाई पंजाबी ड्रेसमध्ये, माझी सून बनून. सब-इन्स्पेक्टर, पंच आणि निरीक्षक बाई खाली रसवंतीवर बसले होते.

"सूनबाई पार्लर टाकतेय," मी म्हटलं.

"टाका ना काका, झकास लाईन आहे!" सप्लायर पस्तिशीचा, गोरा, बोलण्यात लोणी. "काय काय दाखवू?"

मी आधी पंच्याण्णवची क्रीम मागितली. "डझनाचा भाव?"

"नव्वद."

"ऐंशी."

"काका, सत्त्याऐंशी माझी खरेदी आहे."

"पंच्याऐंशी कर. रोज येणार आहे मी."

त्याचा चेहरा आवळला. "एकोणनव्वद. जमत असेल तर घ्या, नाहीतर शेजारचं दुकान बघा."

मी दहा मिनिटं भांडलो. जुना माल म्हटलं, खोका चेपलाय म्हटलं. सूनबाई लाजून म्हणाली, "बाबा, पुरे ना आता, लाज आणता." एकोणनव्वदच्या खाली तो उतरला नाही. शेवटी चिडून त्याने खरेदीचं बिल काढून माझ्यासमोर आपटलं.

मग मी सहज हात केला. "ती सोनेरी झाकणाची?"

"ती व्हीआयपी आयटम आहे, काका. तुम्हाला साडेअकराशे."

"सातशे."

"मरून जाईन!"

"मग सहाशे."

"अहो, तुम्ही तर खाली चाललात!" तो हसला. "चला, आठशे."

"सहाशे. दोन डझन. रोख."

त्याने छताकडे बघितलं, मग सूनबाईकडे. "ठीक आहे. सूनबाईच्या पार्लरसाठी. शुभ काम आहे."

मेला नाही. घामही आला नाही.

माझी आई सांगायची, ज्याने माल विकत आणलाय त्याच्या भावाला तळ असतो. तिथे पोचलास की त्याचा आवाज बदलतो, तो तुला सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागतो. भाव कितीही दाब, खालीच जातोय, तर समज माल एक तर सडका आहे, नाहीतर चोरीचा. पंच्याण्णवच्या डबीसाठी हा माणूस बिल आपटत होता. जी तेराशेच्या खाली कोणालाच मिळत नाही, ती त्याने हसत हसत सहाशेला सोडली.

मी हवालदार बाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्समधला मोबाईल दाबला.

मागच्या खोलीत गोणीभर धुतलेल्या डब्या निघाल्या. खोक्यांची चळत, स्टिकरचे रोल, चांदीसारखे सीलचे कागद आणि ते चिकटवायला घरातली कपड्यांची इस्त्री. साध्या क्रीमचे दोन ड्रम. आणि त्वचेच्या एका कडक मलमाच्या ट्यूबांचा खोका, जे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं. पंचांसमोर एकेक भरलेली डबी उलटी करून स्टिकर काढले. चार डब्यांच्या तळाला दोन दोन मरून ठिपके होते.

ठाण्यात आणल्यावर तो पहिला अर्धा तास ‘मला माहीत नाही’ म्हणत बसला. मी हात उगारला नाही. आणि खरं सांगायचं तर मला कबुलीपेक्षा उत्तराची घाई होती. मी चहा मागवला.

"एक सांग. आठ ग्रॅम जास्त का भरायचास?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "सर?"

"डबीत पन्नास लिहिलंय. तू अठ्ठावन्न देतोस. का?"

"मी लोणच्याच्या लाईनमधून आलोय, सर. बरणी उणी दिसली तर गिऱ्हाईक परत पाठवतं, शिव्या घालतं. हात काठापर्यंत भरतो, सवयच ती. आणि क्रीमचं काय, सर, त्यात जातंय काय? आठ ग्रॅमने माझे दोन रुपयेही जात नाहीत."

"मग जातंय कशात?"

आणि तो सांगू लागला. लाइनीत इतकी वर्षं काढल्याचा अभिमानच होता त्याला. रिकामी डबी खोक्यासकट पन्नास, नुसती डबी पंचवीस. सीलचा कागद, स्टिकर. सगळ्यात महाग ती डबी, सगळ्यात स्वस्त क्रीम. टायवाल्या साहेबाने जे गोपनीय म्हणून सांगितलं नव्हतं, ते या चोराने चहाच्या एका कपावर सांगून टाकलं.

"आणि ते मलम? नुसती साधी क्रीम भरली असतीस तर कोणाला कळलंही नसतं. चेहरेही जळले नसते."

त्याने कप खाली ठेवला. "सुरुवातीला साधीच भरली, सर. तक्रारी आल्या. पंच्याण्णवची क्रीम लावून काही झालं नाही तर गिऱ्हाईक गप्प बसतं. साडेअठराशेची लावून काही झालं नाही तर बोंबलतं. काहीतरी दिसलं पाहिजे ना, सर. आठवड्यात दिसलं पाहिजे. मलम टाकलं की दिसतं."

हवालदार बाई दाराशी उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "मेल्या, चेहरे होते ते."

शिक्षिकेने महाग डबी घेतली, चेहऱ्याला काही होऊ नये म्हणून. याने त्याच डबीत विष घातलं, महाग डबीत काहीतरी झालंच पाहिजे म्हणून. दोघेही खोक्यावरच्या आकड्याशी इमान राखत होते.

आरोपपत्र नीट उभं राहिलं. पार्लरवाली बाई आरोपी नव्हे, साक्षीदार झाली, आणि तिचे ठिपके हाच सप्लायरविरुद्धचा मुख्य पुरावा ठरला. पण बक्षिसाच्या यादीत वरिष्ठांचं नाव आलं, सब-इन्स्पेक्टरचं आलं. हवालदार बाईंचं आलं नाही. मला आली लेखी समज: मुदतीत अटक न करून तपासात दिरंगाई केली. त्या कागदामुळे माझी पुढची बढती लांबली, ती लांबली ती निवृत्तीपर्यंत. मी तो कागद जपून ठेवलाय. मी काही संत नाही, मला त्याचा राग आहे. आज सही करणारे साहेब भेटले तर मी विचारीन, पार्लरवालीला अटक केली असती आणि ठिपके तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात गेले असते, तर दिरंगाई कोणाची झाली असती?

पण दुसरा एक हिशेब माझ्याच नावावर होता. बाईच्या नोटिशीचं प्रकरण मिटल्याचं सांगायला मी स्वतः गेलो. शटर अर्धं वर होतं. ती आणि उरलेली एक मुलगी आरसे पुसत होत्या.

"तुमच्यावर काही नाही आता. गाळ्याच्या मालकाशीही मी बोललोय. राहू देतोय तो."

"बरं झालं," ती म्हणाली. पुसणं थांबलं नाही.

"त्या दिवशी मी जरा जास्त बोललो."

"जरा?" ती वळली. "साहेब, तुम्ही मला माझ्या पोरींसमोर चोर म्हणालात. एक पोरगी गेली ती त्या शब्दाने गेली. तेव्हा तिच्या घरी जाऊन सांगा, मी चोर नाही म्हणून."

"इथे सांगितलं तर? या मुलीसमोर?"

"नाही."

"फोनवर सांगतो तिच्या आईला."

"फोनवर ओरडला होतात? नाही ना. मग तसंच."

मी आयुष्यात बरेच भाव केले, पण या बाईच्या भावाला तळ होता. तिचा आवाज बदलला होता आणि ती माझ्याकडे न बघता आरशाकडे बघत होती. मी ओळखलं. त्याच संध्याकाळी वर्दीत त्या मुलीच्या घरी गेलो. चाळीच्या गॅलरीत, तिच्या आईसमोर, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने सांगितलं, की त्या बाई चोर नाहीत, चूक माझी होती. मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

लोक मला अजून विचारतात, मग कुठली क्रीम घ्यायची, स्वस्त की महाग? मी निरीक्षक बाईंचं सांगतो. आमच्या घरी पंच्याण्णवची आहे, आणि बायकोची काही तक्रार नाही. एखादीला साडेअठराशेची आवडत असेल, तिचा वास, तिची डबी, तर तिने ती घ्यावी. पण काय घेतोय ते माहीत असावं. आकडा कितीही मोठा असो, तो चेहऱ्याची जबाबदारी घेत नाही. जबाबदारी घेतो तो खोक्यावरचा पत्ता आणि हातात मिळालेलं पक्कं बिल, कारण त्या पत्त्यावर जाऊन आम्ही कोणाची तरी कॉलर धरू शकतो. दीडशे रुपये वाचवण्यासाठी त्या बाईने बिल सोडलं. मीही सोडलं असतं. घासाघिशीत जिंकल्याचा आनंद एवढा असतो, की समोरचा का हरला हे आपण विचारत नाही.

गेल्या महिन्यात मुलीने आईला वाढदिवसाला एक महागडी क्रीम दिली होती, ती संपली. रद्दीवाला आला. वर्तमानपत्रं तोलून झाल्यावर त्याची नजर खिडकीतल्या डबीवर गेली. बायकोने ती धुऊन, झाकण लावून ठेवली होती.

"साहेब, ती द्या ना. खोका आहे का? चाळीस देतो."

मी आतून किल्ली आणली. डबीवरचं नाव खरवडून काढलं, झाकणावर दोन ओरखडे मारले, खोका फाडला आणि सगळं त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं.

"आता काय देतोस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आता काय, साहेब. वजनावर. पन्नास पैसे."

"दे," मी म्हटलं, आणि घासाघीस न करता हात पुढे केला.